गुडघा सुधारतोय, पण मॅटकडे पाय वळत नाहीत

सांजवारा

ज्यूदो करते, ९ वर्षं झाली. ब्राऊन बेल्ट आहे. साडेचार महिन्यांपूर्वी रँडोरीत (सरावाच्या मोकळ्या लढतीत) जोडीदारणीने ताई-ओतोशी हा पाय आडवा घालून करायचा थ्रो लावला, माझा डावा पाय मॅटवर रुतून राहिला आणि गुडघा आत वळला. तो ‘टक्’ आवाज अजून कानात आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलं. ५ आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली, मांडीच्या मागच्या बाजूचं टेंडन घेऊन नवीन लिगामेंट बसवलं. शस्त्रक्रियेला आता १४ आठवडे झाले.

फिजिओ म्हणतात सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. गुडघा पूर्ण सरळ होतो, सूज नाही. अडचण वेगळीच आहे. पहिला महिनाभर मी गजर लावून दिवसातून चार वेळा व्यायाम करायचे. आता कसाबसा एकदा होतो आणि फिजिओंना मी ‘तीनदा केला’ असं सांगते. ज्यूदोचा गणवेश कपाटात सगळ्यात वर ठेवलाय. वर्गाच्या ग्रुपचे मेसेज बंद करून ठेवलेत. दोनदा मॅटच्या कडेला जाऊन बसले. दुसऱ्या वेळी अर्ध्यातूनच उठून आले. जिला मी पडायला शिकवलं ती मुलगी सुंदर थ्रो करत होती आणि मला तिथे बसवेना. बाहेर येऊन रडले.

प्रश्न दोन. बरं होईपर्यंत वर्गाला जाऊन बसावं की लांबच राहावं? आणि जे परत उभे राहिले त्यांनी या मधल्या महिन्यांत मन कशाला बांधून ठेवलं? ‘जिद्द ठेव’ एवढंच नका सांगू, प्लीज. ते घरचे रोज सांगतात.

रानवाट

जागा धरून ठेवते. कराटे, उजवा खांदा, ७ महिने. रात्री सविस्तर लिहिते. तोवर एवढंच की बाहेर येऊन रडलात यात काही चुकलं नाही.

झेप

ताई, जपानचा ज्यूदोपटू यामाशिता आठवा! १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, खुला गट. सुरुवातीच्याच एका लढतीत उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. पुढच्या लढतींना लंगडत आला, तरी अंतिम फेरीत इजिप्तच्या रश्वानला जमिनीवर धरून ठेवलं आणि सुवर्णपदक घेतलं. मी ती लढत शंभर वेळा तरी पाहिली असेल. मन खचलं की आजही लावतो.

टाच

झेप, तुझा उत्साह समजतो, पण हे उदाहरण इथे देऊ नकोस. कळकळीने सांगतोय.

यामाशिताला त्या एका दिवसापुरतं निभावायचं होतं. सांजवारा यांना महिनोन्महिने काढायचेत. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि पहिल्याच्या गोष्टी ऐकून दुसऱ्याचा घात होतो. माझा झालाय. एसीएलनंतर सहाव्या महिन्यात मला अगदी ठणठणीत वाटत होतं. दुखत नव्हतं, पळत होतो. सगळे म्हणाले, तू वाघ आहेस. वाघासारखा मॅटवर उतरलो आणि सातव्या आठवड्यात नवीन लिगामेंट पुन्हा तुटलं. कुणी धक्काही दिला नव्हता, नुसता वळलो होतो. दुसरी शस्त्रक्रिया, पुन्हा कुबड्या, पुन्हा शून्यापासून.

नंतर शोधून शोधून वाचलं. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. नुसते महिने मोजून भागत नाही, दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरायला हवी. एका पायावरच्या उड्यांची चाचणी घेतात, तीसुद्धा. मी यातलं काहीच करून घेतलं नव्हतं. न दुखणं हीच माझी परीक्षा होती.

दुसऱ्या वेळी मी पूर्ण ११ महिने थांबलो. आज त्याला चार वर्षं झाली, नियमित रँडोरी करतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर फार साधं आहे. भिंतीवर एक तक्ता लावला होता, त्यात मांडीचा घेर आणि एका पायावर किती वेळा उठता येतं ते दर रविवारी लिहायचो. पट्टा, स्पर्धा, परत कधी, असले विचार त्या तक्त्यात येत नव्हते. आठवड्याला अर्धा सेंटिमीटर वाढला तरी तो माझा विजय होता.

झेप

टाचदादा, हे माहीत नव्हतं. उदाहरण मागे घेतो. मग विनेश फोगट घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० किलो गटात सुवर्ण, आणि पहिल्याच फेरीत त्याच चिनी मल्लाला हरवलं जिच्याविरुद्ध रिओत पाय गेला होता. मध्ये दोन वर्षं गेली. हे चालेल?

टाच

हे चालेल. हे फारच चांगलं आहे.

चंद्रकोर

मी थोडं उलट बोलणार आहे. मी मॅटकडे ५ महिने फिरकलो नाही आणि तेच माझ्यासाठी योग्य ठरलं.

माझं हातापायाचं नव्हतं, कंबरेच्या मणक्यातली चकती सरकली होती. सुरुवातीला जायचो बसायला. प्रत्येक वेळी घरी येताना मित्रांचा राग यायचा. त्यांनी काही केलं नव्हतं, तरी यायचा. एकदा तर एकाचा थ्रो फसला आणि मला बरं वाटलं. त्या दिवशी ठरवलं की असा माणूस म्हणून मला तिथे बसायचं नाही. सरांना स्पष्ट सांगितलं, सर, मी बरा होऊनच येईन, तोवर बोलावू नका. पोहायला लागलो. पाण्यात मी नवशिक्या होतो, त्यामुळे ‘पूर्वी काय यायचं’ हा हिशेबच नव्हता. परत गेलो तेव्हा मनात कुणाबद्दल काही उरलं नव्हतं.

तेव्हा ज्याला बसवत नाही त्याला बसायला लावू नका. लांब राहून परत येणारेही असतात.

रानवाट

आता निवांत लिहिते. चंद्रकोर यांचं पटतं, पण मला वाटतं त्रास बसण्याचा कमी आणि रिकामं बसण्याचा जास्त असतो.

कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, पडताना खांदा निखळला, आतल्या कुर्चेला इजा झाली, शस्त्रक्रिया. दोन आठवड्यांनी सेन्सेईंनी (आमच्या शिक्षिकेने) वर्गात बोलावलं आणि हातात एक वही दिली. म्हणाल्या, रोज एकच माणूस बघायचा आणि त्याची एकच गोष्ट बघायची. पहिल्या दिवशी काम होतं, मावाशी-गेरी (गोल फिरवून मारायची लाथ) मारताना टेकलेल्या पायाची टाच कधी वळते. लाथेच्या आधी, लाथेबरोबर की नंतर. तासभर फक्त टाचा बघितल्या (टाच, तुमच्या नावाला नमस्कार!). जपानी कलांमध्ये याला मितोरी-गेइको म्हणतात, बघून केलेला सराव. केंदोवाले (जपानी तलवारबाजीवाले) तर हे फार गांभीर्याने करतात.

तिसऱ्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. तीन जण ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) मारण्याआधी पुढचा हात किंचित खाली आणत होते. समोरच्याला आधीच कळायचं. घरी जाऊन माझ्या जुन्या लढतींचे व्हिडिओ काढले आणि बघते तर मीही तेच करत होते. १२ वर्षं करत होते! उभी असताना मला हे कधीच दिसलं नसतं. दुखापतीमुळे झालं ते चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही, खांदा आजही थंडीत दुखतो. पण वर्गातून येताना मी रिकामी यायचे नाही.

दुसरं असं की चांगल्या हाताचा सराव मी सोडला नाही. डाव्या हाताने सगळे किहोन (मूलभूत प्रकार), काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) फक्त पायांनी. एका बाजूला व्यायाम दिला की दुसऱ्या, न वापरलेल्या बाजूलाही ताकदीचा काही वाटा मिळतो. हे येल विद्यापीठात १८९४ साली पहिल्यांदा नोंदवलं गेलं. माझ्या फिजिओंनी हे सांगितलं तेव्हापासून डाव्या हाताचा प्रत्येक ठोसा मी उजव्यासाठी मारत होते.

अर्धविराम

अनुमोदन. वाचनखूण साठवली.

थोडं अवांतर. तीन आठवड्यांपूर्वी पडताना हात टेकवला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला दुखतंय. एक्स-रे त्याच दिवशी काढला होता, त्यात काही निघालं नाही. सराव चालू आहे, पट्टी बांधून. असं किती दिवस दुखतं?

मोरपीस

मी व्यवसायाने फिजिओ आहे, तेव्हा आधी अर्धविराम यांना. सराव आज थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. पसरलेल्या हातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर आधी मनात आलं पाहिजे. ते पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. त्या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो, दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. इथे यावर आणखी चर्चा नको, दाखवून या.

आता सांजवारा. तुम्ही फिजिओंना खोटं सांगताय ते थांबवा, एवढं मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. तुम्ही तीनदा केलं असं धरून त्या पुढच्या आठवड्याचा भार ठरवतात. त्यांना सरळ सांगा, मला कंटाळा आलाय. आम्ही हे रोज ऐकतो. व्यायाम बदलता येतो, तीनाचे दोन करता येतात, पण आम्हाला कळलं तर.

नवीन बसवलेलं टेंडन आधी कमकुवत होतं आणि मग हळूहळू लिगामेंटसारखं घडत जातं. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ते सगळ्यात नाजूक असतं. तुम्ही त्यातून नुकत्या बाहेर पडताय आणि दुखणं नेमकं याच सुमाराला कमी होतं. त्यामुळे माणूस एकतर कंटाळतो किंवा फाजील धाडस करतो. तुम्ही कंटाळणाऱ्यांत आहात, हे त्यातल्या त्यात बरं.

मनातल्या मनात थ्रो करता का? करा. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. धडधाकट लोकांचं मनगट ४ आठवडे प्लास्टरसारखं बांधून ठेवलं. काहींना आठवड्यातून पाच दिवस, आपण मनगट जोरात आवळतोय अशी कल्पना करायला लावली. नुसतं बांधून ठेवलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली, कल्पना करणाऱ्यांची २४ टक्के. स्नायू तेवढेच बांधलेले होते, फरक पडला तो मेंदूच्या बाजूने. तेव्हा डोळे मिटून पकड घ्या, समोरच्याचा तोल काढा, कमरेचा भार जाणवू द्या. व्हिडिओ आठवतो तसं बाहेरून बघू नका, आतून करा.

आणि तुमच्या फिजिओंना विचारून रबर बँडने नुसती ओढ, म्हणजे कुझुशीचे (समोरच्याचा तोल काढण्याचे) हात, सुरू करता येतील का बघा. पाय न वळवता. ज्यूदोसारखं काहीतरी हाताला लागलं की बाकीचे व्यायामही होतात असा माझा अनुभव आहे.

खडूफळा

मी शिकवतो, ज्यूदोच. हा धागा वाचून आम्हा शिकवणाऱ्यांची चूक मला जास्त दिसतेय. मुलगा जखमी झाला की आपण ‘आराम कर, बरा हो, मग ये’ म्हणतो आणि हजेरीतून त्याचं नाव गळतं. परत यायला त्याला नव्याने दार ठोठवावं लागतं. मी आता नाव काढत नाही. हजेरीत नाव आणि पुढे काम. कुणी घड्याळ धरतो, कुणी गुण लिहितो, कुणी नवीन मुलांच्या उकेमी (सुरक्षित पडण्याचा सराव) मोजतो.

ज्यूदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. ज्यूदो शिकण्याचे त्यांचे चार मार्ग होते: काता, रँडोरी, कोगी म्हणजे व्याख्यान आणि मोन्दो म्हणजे प्रश्नोत्तरं. शेवटच्या दोघांना गुडघा लागत नाही. आपण सगळे पहिल्या दोघांतच दिवस घालवतो. सांजवारा, तुम्ही ब्राऊन बेल्ट आहात. खुर्चीत बसून एखाद्या मुलीला ‘हा थ्रो का लागला नाही’ हे फक्त शब्दांत सांगून बघा, हात न लावता. फार अवघड असतं. मला स्वतःला ते जमायला वेळ लागला.

वज्रलेप

कुणी भीतीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझाही गुडघाच होता. ९ महिने झाले, सगळ्या चाचण्या पार केल्या, डॉक्टरांनी परवानगी दिली. पहिल्याच दिवशी जोडीदाराचा पाय माझ्या पायासमोर आला आणि मी थिजलो. पकड सोडून उभा राहिलो. असं तीन आठवडे.

पायऱ्या केल्या तेव्हा सुटलो. आधी नुसती उचिकोमी, म्हणजे थ्रोची सुरुवात पुन्हा पुन्हा करणं, प्रत्यक्ष थ्रो नाही. मग जाड गादीवर फक्त पडणं, तेही मी ‘टाक’ म्हणाल्यावरच. मग जमिनीवरची रँडोरी. उभ्याची सगळ्यात शेवटी. पण या सगळ्याहून महत्त्वाचा ठरला जोडीदार. एकच माणूस निवडला, वयाने मोठा, हलक्या हाताचा. त्याच्यावर विश्वास होता म्हणून गुडघ्यावर हळूहळू बसला.

एक विचारू का? रागावू नका. ज्या मुलीच्या हातून हे झालं तिच्याशी बोलणं होतं का तुमचं?

रानवाट

वज्रलेप, मलाही हेच विचारायचं होतं, धीर झाला नाही.

सांजवारा

दोन दिवस इथे आले नाही. वज्रलेप यांचा प्रश्न वाचला आणि मोबाइल बाजूला ठेवला.

बोलणं होत नाही. मी करत नाही. पहिल्या पोस्टमध्ये मी एक गोष्ट दोन ठिकाणी तोडून लिहिली होती. जिने ताई-ओतोशी लावला आणि जिला मी पडायला शिकवलं ती एकच मुलगी. १९ वर्षांची आहे. शस्त्रक्रियेनंतर तिचे ११ मेसेज आले होते, मी एकही उघडला नाही. तिची चूक होती असं मला वाटत नाही. पण तिला बघितलं की तो आवाज ऐकू येतो.

म्हणजे मी ज्याला कंटाळा म्हणत होते तो कदाचित हाच होता. माहीत नाही. उघडते आज मेसेज.

मोरपीस

उघडा. सावकाश.

टाच

आम्ही आहोत इथे.

अर्धविराम

मध्येच घुसतो. मोरपीसताई, दाखवून आलो. स्कॅन काढला. स्कॅफॉइडच निघालं. सरकलेलं नाही, म्हणून प्लास्टरवर भागणार आहे, पण अंगठ्यासकट हात बांधलाय. तुम्ही दटावलं नसतं तर मी आजही पट्टी बांधून सराव करत असतो. मनापासून आभार. आता मीही याच धाग्यातला एक झालो. मोकळ्या हाताचे ठोसे रानवाट यांच्या पद्धतीने उद्यापासून सुरू. आमच्या मुलांनी प्लास्टरवर आत्ताच थ्रोची नावं लिहायला घेतलीत.

झेप

अर्धविरामदादा, मनगटाशी जागा उरली असेल तर ‘तोमोए-नागे’ माझ्या नावाने लिहा!

सांजवारा

दहा दिवसांनी लिहितेय, जरा लांबेल.

फिजिओंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तीनऐवजी दोन वेळा केलं, त्यात एका वेळी रबर बँडची ओढ. टाच यांच्यासारखा तक्ता लावलाय. डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटरने कमी आहे. लिहिताना वाईट वाटलं, पण आकडा समोर आहे हे बरं वाटतं.

मेसेज वाचले. पहिले काही माफीचे होते. नंतरचे नुसते, ताई आज वर्गात अमुक झालं, ताई आज सरांनी तमुक शिकवलं. मी उत्तर देत नव्हते तरी ती सांगत होती. शेवटच्यात लिहिलं होतं, ‘मी ताई-ओतोशी सोडलाय.’

गुरुवारी गेले. ती लांब उभी राहिली, मीच हाक मारली. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते काहीच बोलले नाही. म्हटलं, थ्रो सोडायचा नाही, लाव तिच्यावर, मी बघते. आणि खुर्चीत बसून बघताना दिसलं. ती आडवा पाय फार वर नेते, समोरच्याच्या गुडघ्याच्या रेषेत, आणि स्वतःचा गुडघा ताठ ठेवते. तोल पुढच्या कोपऱ्यात निघायच्या आत पाय लागतो, त्यामुळे समोरच्याचा सगळा भार त्याच पायावर असतो. असं झालं की गुडघ्यालाच वळावं लागतं. पाय खाली, घोट्याच्या जरा वर लागायला हवा, स्वतःचा गुडघा वाकलेला, आणि हाताची ओढ आधी. मी पडायला शिकवलं तिला, पण हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

खडूफळा सर, हात न लावता सांगणं खरंच अवघड आहे. तीनदा चुकीचं सांगितलं. चौथ्यांदा म्हटलं, ‘तिची टाच उचलली गेली की मगच पाय टाक.’ तेव्हा लागला. समोरची मुलगी इतकी अलगद पडली की तिलाच कळलं नाही. मी टाळ्या वाजवल्या.

चंद्रकोर, तुमचंही खरं आहे. शनिवारच्या स्पर्धेच्या सरावाला मी जाणार नाही. ते मला अजून बघवत नाही. गुरुवारी जाईन.

टाच, एक विचारायचं होतं. एका पायावर खुर्चीतून उठण्याचा व्यायाम तुम्ही कितव्या आठवड्यापासून मोजायला लागलात? मला आज ४ जमले, पाचव्याला पाय थरथरला.

टाच

तारीख माझी घेऊ नका, फिजिओंची घ्या. पण मीही पहिल्या दिवशी ४ वरच थांबलो होतो. पाचव्याला थरथरला तिथेच थांबलात ना?

सांजवारा

थांबले.

खडूफळा

एक विनंती. ‘टाच उचलली गेली की मगच पाय टाक’ हे वाक्य माझ्या वर्गात वापरू का?

सांजवारा

वापरा सर. आणि ती रबर बँडचं दुसरं टोक धरून उभी राहणार आहे गुरुवारी, तिने स्वतः विचारलं.